पोरांना हवामान बदल कोण शिकवतंय : रील की पंचगंगा?

भूगोलाच्या बाई | शनिवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. गेल्या आठवड्यात पावसामुळं अर्धाच वर्ग आला होता. धडा पुढं नेण्यात अर्थ नव्हता, म्हणून मुलांना कोरी चिठ्ठी दिली आणि एकच प्रश्न विचारला : २०१९ आणि २०२१ चा महापूर का आला? पुस्तक बंद, शेजाऱ्याकडं बघायचं नाही, मनात येईल ते लिहायचं.

त्या चिठ्ठ्या घरी आणून वाचल्या आणि दोन दिवस झाले, डोक्यातून जाईनात. सगळ्यात जास्त वेळा 'अलमट्टी' होतं, म्हणजे कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या धरणाच्या फुगवट्यानं आपल्याकडं पूर येतो हे म्हणणं, ते मी धरूनच चालले होते. पण बऱ्याच जणांनी 'ढगफुटी' लिहिलं. काहींनी 'हार्प' लिहिलं, म्हणजे परदेशी यंत्रानं पाडलेला पाऊस. एकानं लिहिलंय, 'आता काय करून उपयोग नाही, २०३० ला सगळं संपणार आहे.' एकीनं लिहिलंय, 'हवामान बदल म्हणजे हिमनग वितळणे, तो आपल्याकडे नसतो.' आणि जिच्या घरात दोन्ही वेळा छातीएवढं पाणी शिरलं होतं, त्या मुलीच्या चिठ्ठीत पण हार्पच.

दुसऱ्या दिवशी विचारलं, हे सगळं कुठं वाचलंत? एक मुलगा म्हणाला, "वाचलं नाही मॅडम, बघितलं."

ही मुलं खोटं बोलत नाहीत आणि मठ्ठ तर अजिबात नाहीत. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे त्यांना झोपेतही सांगता येतं. मग नदी इतकी जवळ असताना तिच्याबद्दलचं मत मात्र मोबाईलमधून का येतंय? तुमच्या घरातली, गल्लीतली, कॉलेजातली पोरं काय म्हणतात? मला खरंच ऐकायचं आहे.

नाद_खुळा_पेठकर | शनिवार, रात्री ९.२०

बाई, विषय लई भारी काढलाय. वाचत बसलोय, थांबू नका.

शुक्रवारपेठ | शनिवार, रात्री ९.५१

मॅडम, मी तुमच्या विद्यार्थ्यांपेक्षा थोड्याच वर्षांनी मोठी आहे, म्हणून पोरांच्या बाजूनं बोलतो.

२०१९ ला मी नववीत होतो. पाणी जामदार क्लबजवळ आलं म्हटल्यावर बाबा म्हणाले, २००५ ला आपल्या दुसऱ्या पायरीवर थांबलं होतं, या वेळी पण थांबेल. रात्री अडीचला आजीला उचलून नेलं. राजारामपुरीत मावशीकडं आठ-नऊ दिवस होतो. करायला काही नव्हतं, हातात मावशीचा मोबाईल. त्यात मला स्वीडनच्या संसदेबाहेर पाटी घेऊन बसलेली ग्रेटा थुनबर्ग पहिल्यांदा दिसली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये बसली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, माझ्याएवढीच की. ती काय बोलते हे मला निम्मंच कळलं, पण एवढं कळलं की आमच्या पायऱ्यांवर चढलेलं पाणी आणि ती ज्याबद्दल रागावली आहे ते, यांचा एकमेकांशी संबंध आहे.

शाळेत आम्हाला काय शिकवलं होतं? 'ग्लोबल वॉर्मिंग : उपाय – झाडे लावा, झाडे जगवा.' दोन मार्कांचा प्रश्न. पूर मी डोळ्यांनी बघितला, पण त्याच्यामागं काय आहे ते विचारायचं असतं, हे मला मोबाईलनं शिकवलं. म्हणून नुसतं रीलला नावं ठेवू नका, एवढंच.

तांबडा_पांढरा | शनिवार, रात्री ९.५८

ताई, "मोठी आहे" आणि "बोलतो" एकाच वाक्यात? 😀

शुक्रवारपेठ | शनिवार, रात्री १०.०१

कोल्हापूरची हाय मी. बोलतोच म्हणणार, जेवतोच म्हणणार. तुम्ही पाहुणे दिसताय.

बंधाऱ्यावरचा | शनिवार, रात्री १०.३३

पाटबंधाऱ्याच्या कामात माझी सगळी नोकरी झाली, आता निवृत्त आहे, राहायला कसबा बावड्यात. पुराची मला सवय आहे. १९८९ चा पूर पाहिला, चिखलीचे लोक सोनतळीला वसवले तेही पाहिलं. २००५ पाहिला. त्या वेळी मोबाईलवर रील नव्हते, तरी अफवा होत्याच. "राधानगरी फुटलं" हे वाक्य मी दर पुराला ऐकत आलोय.

फरक एवढाच की पूर्वी अफवा गंगावेशीत उठायची आणि पापाची तिकटीपर्यंत येईतो कुणीतरी जाणता माणूस तिला अडवायचा. २०२१ ला रात्री साडेअकराला माझ्या नातवानं मला एक व्हिडिओ दाखवला. मोठ्या धरणाचे दरवाजे, पाण्याचा लोट, खाली लिहिलेलं 'राधानगरीचे सर्व दरवाजे उघडले, कोल्हापूरकरांनो पळा'. मी म्हटलं, बाळा, हे राधानगरी नव्हेच. आपले दरवाजे असे दिसतच नाहीत. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. रात्री कुणी बटण दाबायला बसलेलं नसतं. एका दरवाजातून साधारण १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी जातं. शाहू महाराजांनी पाया घातलेल्या धरणाची ही रचना बघायला लोक लांबून येतात, आणि पायथ्याच्या पोराला ती माहीत नाही.

नातवानं तो व्हिडिओ तोपर्यंत चार ग्रुपवर पाठवला होता. मी त्याला चारही ठिकाणी "चुकीचं आहे, धरण वेगळं आहे" असं लिहायला लावलं. तोंड पाडून लिहिलं, पण लिहिलं.

बाई, मुलांना एकदा राधानगरीला घेऊन जा. माझी ओळख लागली तर सांगा.

ऊसवाला_शिरोळ | शनिवार, रात्री ११.०५

बाईंच्या चिठ्ठ्यांत अलमट्टी जास्त आली, त्यात पोरांचा काय दोष? आमच्यात पारावर, सभेत, लग्नात सगळीकडं तेच चालतं. अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरनं ५२४.२५६ मीटरवर न्यायला माझा विरोधच हाय आणि राहणार. पण एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतो. २०१९ नंतर आपल्याच सरकारनं पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती नेमली, तिनं अलमट्टीला पुराचं मुख्य कारण धरलं न्हाई. हे आमच्यात कुणाला ऐकायचं नसतं. मलाबी बरीच वर्षं नव्हतं ऐकायचं.

आता पोराचं सांगतो. थोरला बीएस्सी ॲग्री करतोय. गेल्या दिवाळीत मला एक हिंदी व्हिडिओ दाखवला. त्यात एक माणूस कोट घालून सांगत हुता की हवामान बदल म्हणजे परदेशी लोकांचं थोतांड, शेतकऱ्याचा ऊस बंद पाडायचा डाव. पोरगं म्हणालं, "पप्पा, खरं हाय न्हवं?" मी त्याला घेऊन मळीच्या रानात गेलो. म्हटलं, इथं २०१९ ला काय झालं ते तू बघितलंस का न्हाई? ऊस पाण्याखाली बारा दिवस. बुडात पाणी असलं तर ऊस टिकतो, पण शेंड्यावरनं पाणी गेलं आणि पोंग्यात गाळ बसला की खेळ संपला. पाणी उतरल्यावर कांड्यांवरचे डोळे फुटले, पांगशा आल्या, उरलं नुसतं सरपण. २०२१ ला परत तेच. माझ्या वडलांनी आख्ख्या आयुष्यात शेंड्यावरनं गेलेलं पाणी एकदा बघितलं, मी दोन वर्षांत दोनदा. म्हटलं, हे त्या कोटवाल्याला बघायला बोलव.

पोरगं गप बसलं. पण मला रात्रभर एकच लागून राहिलं. ज्यानं माझ्यासंगं गाळ उपसला, त्याच्यावर त्या कोटवाल्याची दोन मिनिटं भारी पडली. कशी काय?

पुण्यातला_कोल्हापूरकर | रविवार, सकाळी ७.४०

ऊसवाला दादा, तुमच्या 'कशी काय'ला माझ्याकडं थोडं उत्तर आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पोटापाण्याचं कामही असल्याच प्रणालींचं आहे.

मोबाईलवरच्या त्या यंत्रणेला खरं-खोटं कळत नाही. तिला एवढंच कळतं की माणूस कुठं थांबला, कुठं पुन्हा बघितलं, काय दुसऱ्याला पाठवलं. राग आणि भीती या दोन गोष्टींवर माणूस जास्त थांबतो. त्यामुळं कोटवाला वरती येतो, आणि नदीची पातळी रोज शांतपणे सांगणारा सरकारी तक्ता खाली जातो. यात कुणी आपल्या शिरोळविरुद्ध कट केलेला नाही. पण परिणाम कट केल्यासारखाच होतो.

मी घरी एक करून बघितलं. माझ्या जुन्या आणि नव्या फोनवर दोन कोरी खाती काढली. एकावर पाच-सहा पुराचे व्हिडिओ शेवटपर्यंत बघितले, दुसऱ्यावर पाच-सहा शेतीचे. तिसऱ्या दिवशी पहिल्या खात्यावर जगबुडी, भाकितं, 'गुप्त शस्त्र' असलं सगळं यायला लागलं. दुसऱ्यावर ट्रॅक्टर. हवामान बदल नीट समजावून सांगणारं एकही मराठी काही, दोन्हीकडं आलं नाही. इंग्रजीत ढीगभर आहे, हिंदीत बऱ्यापैकी आहे. आपल्या पोरांना मराठीत जे मिळतं ते एक तर शाळेच्या निबंधासारखं, नाहीतर भुताच्या गोष्टीसारखं.

आणि एक. बापाचं सांगणं पोरगं एकदा ऐकतं. तोच कोटवाला वेगवेगळ्या तोंडांनी दिवसातून दहा वेळा येतो.

आकाशदर्शन_एमएस्सी | रविवार, सकाळी ९.१५

मी शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकतोय. बाईंच्या चिठ्ठ्यांना जमेल तशी उत्तरं देतो. मोठं होईल, सांभाळून घ्या.

हार्प : हे अलास्कात गाकोना नावाच्या ठिकाणी आहे, २०१५ पासून तिथलं विद्यापीठ चालवतं. ते आयनोस्फिअरचा अभ्यास करतं, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या वरची हवा. आपला पाऊस देणारे उंचातले उंच ढग पंधरा-सतरा किलोमीटरपर्यंत जातात. इतक्या वरच्या विरळ हवेत रेडिओ लहरी सोडून गगनबावड्यावर पाऊस पाडता येत नाही. असंच २०२४ च्या एप्रिलमध्ये दुबई बुडाली तेव्हा 'ढगांवर फवारणी केली म्हणून' असं फिरलं होतं. फवारणीनं ढगात आधीच असलेलं पाणी थोडंफार जास्त पडेल, पण शहर बुडवणारं वादळ तयार होत नाही.

ढगफुटी : एखाद्या छोट्या भागात तासाला १०० मिलिमीटरच्या पुढं पाऊस झाला तर आपलं हवामान खातं त्याला ढगफुटी म्हणतं. आपले दोन्ही महापूर तसे नव्हते. सह्याद्रीच्या माथ्यावर दिवसामागून दिवस पडलेल्या पावसाचं पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीतून आपल्या चिखलीजवळच्या प्रयागला पंचगंगेत एकत्र आलं. ढगफुटी म्हटलं की 'अचानक झालं, कुणाच्या हातात नव्हतं' असं वाटतं. इथं तर पाणी फुटाफुटानं चढताना आपण सगळे बघत होतो.

२०३० : यामागं एक खरी गोष्ट आहे. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरचं संयुक्त राष्ट्रांचं शास्त्रीय मंडळ, त्यांच्या २०१८ च्या अहवालात म्हटलं होतं की तापमानवाढ दीड अंशावर रोखायची तर जगाचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०१० च्या तुलनेत २०३० पर्यंत साधारण ४५ टक्क्यांनी कमी व्हायला हवं. त्याचं रीलमध्ये 'बारा वर्षांत जग संपणार' झालं. मूळ वाक्यात काम करायची मुदत आहे, रीलमध्ये मरायची तारीख आहे.

हवामान बदल आपल्याकडे नसतो : हवा एक अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते. जग औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा एका अंशाहून जास्त तापलंय, २०२४ हे आजवरच्या नोंदींतलं सगळ्यात उष्ण वर्ष होतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या, आणि त्यामागं अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पातले चढउतार आहेत. तोच अरबी समुद्र आपल्याला पाऊस देतो.

सडेतोड_मंगळवार | रविवार, सकाळी ११.३०

सगळं ज्ञान मान्य. पण मला एक सांगा, हे सगळं हवामान बदलावर ढकललं की सगळ्यात जास्त बरं कुणाला वाटतं? नदीच्या पात्रात भराव टाकणाऱ्याला. पूररेषेत इमारती उठल्या, महामार्गाचा भराव शिरोलीजवळ बंधाऱ्यासारखा आडवा पडला, ओढे बुजवले. पोरं मोबाईलवर ध्रुवावरचं अस्वल बघून रडतात, पण आपल्या दुधाळीत निळी रेषा, म्हणजे पूररेषा, कुठून जाते ते त्यांना माहीत नाही.

दुसरं. 'तुमचा कार्बन फूटप्रिंट मोजा', म्हणजे तुमच्यामुळं हवेत किती कार्बन जातो ते मोजा, म्हणून आमच्या पोरांना सांगायचं? हा शब्द घराघरात कुणी नेला, तर बीपी या तेल कंपनीनं, दोन हजारच्या दशकातल्या जाहिरातींतून. आपला भारतीय माणूस वर्षाला सरासरी दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकेतला त्याच्या सात पट. माझा पुतण्या रील बघून आईला म्हणतो, "गॅस कमी वापर, पृथ्वी तापते." तिनं आयुष्यात विमान लांबूनच बघितलंय.

आकाशदर्शन_एमएस्सी | रविवार, सकाळी ११.५२

सडेतोड काका, भरावाबद्दल शंभर टक्के तुमच्या बाजूनं. माझ्या पोस्टमध्ये तो मुद्दा यायला हवा होता. पाऊस वाढला हे एक आणि त्या पाण्याची वाट अडवली हे दुसरं. पुरात दोन्ही एकत्र भेटतात. पाऊस वाढणार हे माहीत असताना पूररेषेत बांधकाम करणं तर जास्तच मोठी चूक ठरते. हवामान बदल हे कुणाचं निमित्त व्हायला नको.

शुक्रवारपेठ | रविवार, दुपारी १२.१०

काका, पुतण्याला दोन टन आणि सात पटीचं सांगितलं का तुम्ही? नुसतं रागावला असाल तर तो पुढच्या वेळी तुम्हाला सांगणारच नाही काय बघितलं ते.

सडेतोड_मंगळवार | रविवार, दुपारी १२.४४

रागावलो होतो. आज संध्याकाळी सांगतो.

रमणमळ्याची_आई | रविवार, दुपारी ३.०५

मी इथं कधी लिहीत नाही, आज लिहावंसं वाटलं.

माझी मुलगी दहावीला आहे. पावसाळा लागला की तिची झोप उडते. मध्यरात्री उठून खिडकीत उभी राहते. गेल्या वर्षी जुलैत एका रात्री मला म्हणाली, "आई, आपण हे घर विकून टाकूया. नाहीतरी मी मोठी होईपर्यंत कोल्हापूर राहणारच नाही." मला आधी वाटलं परीक्षेचा ताण. मग तिचा मोबाईल बघितला. एकामागून एक वाहून जाणारी घरं, गाड्या, गुरं. कुठली गावं, कुठले देश, काही पत्ता नाही. झोपायच्या आधी तासभर ती हेच बघत होती. मी चिडून मोबाईल काढून घेतला, तर जास्तच घाबरली. "आता मला कळणारच नाही पाणी किती आलं ते," म्हणाली.

तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं की अशी मुलं जगभर आहेत. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार मुलांना विचारलं होतं, भारतही त्यात होता. ५९ टक्के मुलं खूप किंवा अतिशय काळजीत होती, तीन चतुर्थांश मुलांना भविष्य भीतिदायक वाटत होतं. हे ऐकून माझी मुलगी पहिल्यांदा रडली आणि मग शांत झाली. आपण वेड्या नाही, हे तिला कळलं.

आता आम्ही एक केलंय. पावसाळ्यात मोबाईल संध्याकाळी सातनंतर बाहेरच्या खोलीत. रोज सकाळी ती जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडून येणारी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वहीत लिहिते, शेजारी राधानगरीचा पाऊस. एक दिवस बाबांबरोबर बंधाऱ्यावर जाऊन प्रत्यक्ष बघूनही आली. महिन्याभरानं मला म्हणाली, "आई, राधानगरीत जास्त पडलं तरी पाणी आपल्याकडं यायला वेळ लागतो. तेवढ्यात आपलं सामान वर नेता येतं." भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण झोपते.

बाई, तुमच्या त्या '२०३० ला संपणार' लिहिणाऱ्या मुलाशी एकट्यानं बोला. तो आगाऊपणा करत नसेल.

भूगोलाच्या बाई | रविवार, दुपारी ३.२२

ताई, मी खरंच त्याला आगाऊ समजून सोडून दिलं होतं. उद्या पहिल्या तासाआधी बोलते. मनापासून आभार.

गाळ_उपसणारा | रविवार, सायंकाळी ५.४८

मोबाईलला एवढं झोडपताय म्हणून एक आठवण.

२०१९ ला महामार्ग बंद, शहरात पेट्रोल नाही, दूध नाही. आम्ही तालमीची पंचवीस-तीस पोरं. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर काम चालायचं : कुठल्या गल्लीत म्हातारं माणूस अडकलंय, कुठं बाळंतीण आहे, कुठं औषध पाहिजे. चिखली-आंबेवाडीतून लोक आपलं ठिकाण मोबाईलवरून पाठवायचे आणि ते बोटवाल्यांपर्यंत पोचवायचो. आमच्यात एक नियम होता, ज्यानं स्वतः बघितलंय किंवा फोनवर बोललाय त्यानंच टाकायचं, ऐकीव टाकलं की बाहेर. त्या नियमानं किती फेऱ्या वाचल्या असतील.

पाणी उतरल्यावर कुंभार गल्लीत गाळ काढायला गेलो. गणपती तोंडावर आले होते, घराघरात मूर्तींचा चिखल झालेला. एक आजोबा त्या चिखलात हात घालून नुसते बसले होते. आमच्यातली जी पोरं आज पूररेषेसाठी, ओढ्यांसाठी अर्ज घेऊन फिरतात, ती सगळी त्या दिवशी तिथं होती. त्यांनी हवामानाचं जे काही वाचलं ते त्यानंतर.

तांबडा_पांढरा | रविवार, सायंकाळी ६.०३

नियम झकास. आमच्या फॅमिली ग्रुपला लावला तर दिवसाला एकच मेसेज उरेल, तो पण काकूंचा 'जेवलात का'.

नाद_खुळा_पेठकर | रविवार, सायंकाळी ६.१०

😂 पण कोल्हापूरनं मनावर घेतलं की मोबाईल काय करू शकतो ते नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला २०२५ ला गुजरातेत वनताराला नेलं तेव्हा दिसलंच की. दोन दिवसांत गावंच्या गावं उठली.

पुण्यातला_कोल्हापूरकर | रविवार, सायंकाळी ६.३५

तेच मनात येत होतं. महादेवीला चेहरा होता, नाव होतं, डोळ्यात पाणी होतं. हवामान बदलाला चेहरा नाही. त्यामुळं जो कुणी त्याला चेहरा देतो, त्याच्यामागं पोरं जातात, मग तो चेहरा ग्रेटाचा असो नाहीतर कोटवाल्याचा.

पाचटवाली_करवीर | रविवार, रात्री ८.२०

मी व्हिडिओ बनवते, शेतीवरचे, मराठीत. म्हणून या बाजूचंही ऐका.

गेल्या हंगामात मी पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, न जाळण्यावर तीन मिनिटांचा व्हिडिओ केला. चार दिवस घातले. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत पीक, धरताना पाचट सरीत दाबून कुजवलं तर ओल टिकते, खताचा खर्च कमी होतो, धूर होत नाही, जमिनीतला कर्ब वाढतो. सगळं आमच्याच रानात दाखवलं, सासऱ्यांना बोलतं केलं. तीनशेच्या आसपास लोकांनी बघितला. त्याच आठवड्यात भावानं पुलावरून नदीचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ टाकला, वरती 'पंचगंगा कोपली' असं लिहून, मागं ढोल. सत्तर हजार! मला त्या रात्री सगळं बंद करावंसं वाटलं.

बंद केलं नाही, कारण त्या तीनशेत आमच्याच भावकीतले चौघं होते. त्यातल्या दोघांनी या वेळी पाचट पेटवलं नाही.

आणि शब्दांचंही बघा. हवामान बदल, वातावरण बदल, ग्लोबल वॉर्मिंग, ओझोनचं भोक, प्लॅस्टिक, नदीचं प्रदूषण, पोरं हे सगळं एकाच पिशवीत भरतात. माझा भाचा म्हणतो इचलकरंजीच्या नदीला फेस येतो म्हणून पाऊस वाढला. फेस वाईटच, पण तो आपण पाण्यात काय सोडतो याचा प्रश्न आहे, हवेत काय सोडतो याचा नाही. हे कुणी शांतपणे वेगळं करून सांगत नाही.

ऊसवाला_शिरोळ | रविवार, रात्री ८.४१

ताई, तुमचा व्हिडिओ पाठवा. थोरल्याला दाखवतो आणि मीबी बघतो. मी आजवर पाचट जाळत आलोय, खोटं का बोलू.

बंधाऱ्यावरचा | रविवार, रात्री ९.००

दाखला देतो. कोल्हापुरात गणपतीची मूर्ती दान करायची चळवळ उभी राहिली, 'होळी लहान करा, पोळी दान करा' हे सुरू झालं, तेव्हा कुणाच्या हातात असला मोबाईल नव्हता. पोरंच घाटावर उभी राहून हात जोडून लोकांना सांगायची. पहिल्या वर्षांत लोक भांडायचे. आता घरातली लहान पोरं आईबापाला ओढत मूर्तिदानाला आणतात. मत असं घडतं, तोंडासमोर उभं राहून, वर्षानुवर्षं.

शुक्रवारपेठ | रविवार, रात्री ९.१४

काका, पटलं. पण आज ती पोरं घाटावर उभी राहिली तर त्यांचा व्हिडिओ मीच काढणार आणि मीच टाकणार. दोन्ही पाहिजे की.

बंधाऱ्यावरचा | रविवार, रात्री ९.१६

काढ बाई. आवाज नीट येईल असा काढ.

भूगोलाच्या बाई | सोमवार, सायंकाळी ६.३०

कालपासून तीन वेळा हा धागा वरपासून वाचला. आज त्या मुलाशी बोलले. रमणमळ्याच्या ताई, तुम्ही बरोबर होतात. त्याचं घर नदीपासून लांब आहे, पुराचं पाणी त्यानं कधी बघितलेलं नाही, तरी त्याला रात्री झोप लागत नाही. आयपीसीसीचं ते मूळ वाक्य मी त्याला वाचून दाखवलं. "म्हणजे तारीख नाही?" एवढंच म्हणाला. पुन्हा बोलणार आहोत.

जिनं हार्प लिहिलं होतं तिलाही विचारलं, घरात पाणी शिरलेलं तू बघितलंस, मग हे का लिहिलंस? ती म्हणाली, "मॅडम, आमचं एवढं नुकसान झालं, ते नुसत्या पावसानं झालं असं कसं म्हणायचं? कुणीतरी केलंच असणार की." मला तिला लगेच उत्तर देता आलं नाही. वर्ग सुटल्यावर सडेतोड काकांचं भरावाचं आणि आकाशदर्शनचं बाष्पाचं आठवलं. कुणीतरी केलंय हे तिचं म्हणणं सगळं चूक नाही. कुणी केलं, याचं उत्तर तिला मोबाईलनं चुकीचं दिलं आणि मी दिलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात मुलांना गटागटानं शहरात पाठवायचं ठरवलंय. १९८९, २००५, २०१९, २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा शोधायच्या, टेपनं उंची मोजायची, घरातल्या माणसाशी बोलायचं आणि त्याचाच दोन मिनिटांचा मराठी व्हिडिओ करायचा. 'गाळ उपसणारा' यांचा नियम लावणार : स्वतः बघितलेलं किंवा बघणाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं, तेवढंच टाकायचं. राधानगरीची सहल मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे.

मला खुणा असलेली घरं हवी आहेत. कुणाकडे आहेत? घराचा पत्ता इथं लिहू नका, मला निरोप पाठवा.

गाळ_उपसणारा | सोमवार, सायंकाळी ६.४४

तालमीच्या भिंतीवर २०१९ ची रेघ आहे. पोरांनी तेव्हाच खिळ्यानं ओढलीय.

सडेतोड_मंगळवार | सोमवार, सायंकाळी ७.१०

माझ्या बहिणीच्या घरी दोन रेघा आहेत, दुधाळीत. पुतण्याला बरोबर पाठवतो, त्याला पूररेषेचा नकाशा काल दाखवलाय. दोन टनाचंही सांगितलं. आईची माफी मागितली त्यानं.

शुक्रवारपेठ | सोमवार, सायंकाळी ७.३२

मॅडम, आमच्यात तीन रेघा आहेत. २००५ ची दुसऱ्या पायरीवर बाबांनी काढलेली, २०१९ ची आणि २०२१ ची मी काढलेली, स्विचबोर्डच्या वर. मध्ये घराला रंग दिला तेव्हा आजीनं रंगाऱ्याला सांगितलं होतं, एवढा पट्टा सोड. शनिवारी दुपारी मुलांना पाठवा. आजी घरातच असते, सगळं सांगेल. टेप आमच्याकडं आहे.